जोरात मारलं की व्हाइट उजवीकडे पळतो: पूलमध्ये स्टिक आवळणाऱ्या मागच्या हाताचं काय करायचं

दोन वर्षं माझं हेच चालू होतं. हळू शॉट असला की व्हाइट, म्हणजे स्टिकने मारायचा पांढरा बॉल, बरोबर रेषेत जायचा, बॉल पॉट व्हायचा, पुढच्या बॉलसाठी पोझिशनही बऱ्यापैकी मिळायची. आणि जरा लांबचा शॉट आला, जोर लावायची वेळ आली, की तोच व्हाइट उजवीकडे सरकायचा आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर. मग मी तीनेक आठवडे फक्त त्याच शॉटचा सराव करायचे, जमल्यासारखं वाटायचं, आणि महिन्याभरात परत तेच. ज्यांचा असाच प्रॉब्लेम जातो आणि परत येतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण मला जे उत्तर मिळालं ते मी शोधत होते तिथे नव्हतंच.

मी उजव्या हाताने खेळते, त्यामुळे खाली जे डावं-उजवं आहे ते त्या हिशोबाने, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.

आधी मी काय काय करून बघितलं ते सांगते म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. टिप, म्हणजे स्टिकच्या टोकावरचं चामडं, बदलून घेतली. चॉक बदलला. उभं राहायची पद्धत बदलली, पाय कधी जवळ कधी लांब. नजर चुकतेय असं वाटून एक डोळा मिटून नेम धरून पाहिला. आणि सगळ्यात जास्त फसवलं ते स्टिक बदलण्याने, कारण पूल पार्लरमधली एक जुनी जड स्टिक हातात आली की माझा प्रॉब्लेम आठवडाभर जवळजवळ गायब व्हायचा, मला वाटायचं सापडली आपली स्टिक. मग ऑफिसमधल्या मित्राने त्याची स्वतःची महागाची लो डिफ्लेक्शन शाफ्टवाली (शाफ्ट म्हणजे स्टिकचा पुढचा बारीक भाग) स्टिक खेळायला दिली, आणि तिच्यावर माझे शॉट पार्लरच्या स्टिकपेक्षा वाईट जायला लागले. चांगल्या स्टिकवर खेळ बिघडतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलंच नाही. त्याचं कारण पुढे येईल आणि ते समजणं फार महत्त्वाचं आहे.

आता तपासणी. नेम धरायचा बॉल टेबलावर ठेवूच नका, कारण तो असला की तुम्ही नेमाला दोष देता. फक्त व्हाइट घ्या. ज्या बाजूने ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला शॉट, मारतो तिकडच्या स्पॉटवर ठेवा, समोरच्या कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेच्या, बरोबर मध्यावर मारा आणि तो परत येऊन तुमच्या टिपला लागतो का ते बघा. दहा वेळा हळू, दहा वेळा जोरात. मी केलं तेव्हा हळू मारलेले दहातले आठ परत टिपवर आले. जोरात मारलेल्यांची गंमत अशी की जाताना ते जवळपास सरळच जात होते, पण कुशनला लागून परत येताना चांगले वीतभर उजवीकडे निघून जायचे. म्हणजे व्हाइटला नकळत उजवी साइड, उजव्या बाजूची फिरकी, लागत होती. जाताना सरळ आणि येताना तिरका, हे लक्षण दिसलं तर समजा की नेम ठीक आहे, टिप बॉलच्या मधोमध लागत नाहीये.

खात्री करायची असेल तर पट्ट्यावाला बॉल घ्या, मी पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबर घेते. स्वच्छ पुसून व्हाइटच्या जागी असा ठेवा की पट्टा उभा येईल, गाडीचं चाक समोर चाललंय तसा. टिपला ताजा चॉक लावून मारा. मधोमध लागला तर पट्टा चाकासारखा सरळ फिरत जातो, साइड लागली तर तो वाकडातिकडा डगमगतो. आणि बॉल उचलून बघितला की चॉकचा निळा ठिपकाही दिसतो, पट्ट्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते सरळ मोजता येतं. माझा ठिपका जोराच्या शॉटला दर वेळी उजवीकडे होता. एकदाही डावीकडे नाही. चूक दर वेळी एकाच बाजूला होत असेल तर तिच्यामागे एकच ठरावीक कारण असतं, हे बघून मला उलट धीर आला.

मग मोबाइल मागच्या खुर्चीवर उभा करून बटच्या, म्हणजे स्टिकच्या मागच्या जाड भागाच्या, मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. त्यात स्पष्ट दिसलं. मागे नेईपर्यंत स्टिक सरळ, पुढे येताना अर्ध्या वाटेत माझी चारही बोटं मिटतात, मनगट आत वळतं आणि बट माझ्या अंगाकडे ओढला जातो. मला हाताला हे अजिबात जाणवत नव्हतं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी भांडले असते की माझी ग्रिप ढिली आहे म्हणून, कारण शॉटआधी ती ढिलीच असायची.

आता बट थोडासा सरकला तर एवढं काय बिघडतं ते बघू. पुढचा हात, म्हणजे ब्रिज, हा खिळा समजा आणि स्टिक त्याच्यावर फिरतेय. माझ्या ब्रिजपासून टिपपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर असतं आणि ब्रिजपासून मागच्या हातापर्यंत ८५. मागे बट फक्त १ सेंटिमीटर आत आला तर पुढे टिप विरुद्ध बाजूला जवळपास ३ मिलिमीटर सरकते. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेअठ्ठावीस, आणि मध्यापासून १४ मिलिमीटरच्या पलीकडे टिप लागली की ती घसरून मिस-क्यू होतो. त्या हिशोबात ३ मिलिमीटर ही चांगलीच साइड झाली. शिवाय स्टिकची दिशाही पाऊण डिग्रीच्या आसपास बदलते, जी दोन मीटर लांब गेल्यावर सव्वादोन-अडीच सेंटिमीटर होते. लांबच्या पॉटला तेवढ्यात खेळ संपतो.

आणि आता त्या स्टिकचं कोडं. टिप उजवीकडे लागली की व्हाइट थोडासा डावीकडे ढकलला जातो, स्टिक ज्या दिशेला आहे त्याच रेषेत तो जात नाही. म्हणजे माझ्याकडून एकाच वेळी दोन चुका होत होत्या, स्टिक उजवीकडे वळत होती आणि व्हाइट डावीकडे ढकलला जात होता, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकत होत्या. जाताना बॉल जवळपास सरळ दिसायचा तो त्यामुळे, आणि उजवीकडची जी थोडी चूक उरायची ती लांबच्या पॉटला भोवायची. ज्या स्टिकचं टोक जड, ती व्हाइटला जास्त ढकलते, म्हणून पार्लरच्या जुन्या स्टिकवर माझी चूक झाकली जायची. लो डिफ्लेक्शन शाफ्ट मुद्दाम कमी ढकलणारी बनवतात, तिच्यावर झाकायला काही उरलंच नाही, चूक आहे तशी समोर आली. म्हणून सांगते, स्टिक बदलून प्रॉब्लेम जात असेल तर तो गेलेला नसतो, फक्त त्या स्टिकवर दिसत नसतो. नवीन स्टिकवर हजारो रुपये घालायच्या आधी ती कुशनवाली चाचणी करा.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, कारण सापडलं, आता ग्रिप ढिली ठेवायची. ठेवली. तीन आठवडे छान गेले. आणि परत तेच. हा प्रॉब्लेम परत परत येतो त्याचं कारण हेच असावं, जो तो आपल्याला "ग्रिप ढिली ठेव" एवढंच सांगतो, आणि ते खरंही असतं, पण हात मुळात आवळतो का हे कुणी विचारत नाही.

आमच्या पार्लरमध्ये संध्याकाळी एक काका येतात, एका जुन्या जिमखान्यात मार्कर म्हणून, म्हणजे टेबल सांभाळण्यात आणि गुण मोजण्यात, त्यांची उभी हयात गेली. बिलियर्ड्सच्या काळातले. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं, मग मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असं तीनदा, त्या सगळ्या दिवसांबद्दल काका फार जिव्हाळ्याने बोलतात. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल, ते एकमेकांच्या जवळ ठेवत ठेवत मोठा ब्रेक करायचा, म्हणजे न चुकता सलग गुण घेत राहायचं, त्यामुळे त्यांच्या पिढीचा हात मऊ. ते माझा खेळ दोन-तीन दिवस नुसते बघत होते, मग एकदा जवळ येऊन म्हणाले, "अगं, मागचा हात आवळतेस ते खरंय, पण तो आवळतोय पुढच्या हातामुळे. पुढे आधार हलतो म्हणून मागचा सांभाळायला धावतो."

मला आधी पटलं नाही. त्यांनी मला ब्रिज करायला सांगितलं, स्टिक त्यावर ठेवली, आणि बट माझ्या हातातून काढून स्वतःच्या दोन बोटांत धरून हळूहळू पुढेमागे करायला लागले. माझं काम फक्त ब्रिज धरून ठेवायचं. स्टिक थोडी वेगात आली तशी माझा अंगठा खाली बसला, तळव्याची टाच टेबलावरून उचलली गेली आणि शाफ्ट अर्धा सेंटिमीटर बाजूला सरकली. मागे माझा हात नव्हताच, तरी टिप हलत होती. ही चाचणी तुम्ही जरूर करा, कुणाला तरी बट धरायला सांगा. हळू असताना ब्रिज टिकतो आणि वेग वाढला की सुटतो हे दिसलं की हळू शॉट बरोबर आणि जोराचा चुकीचा का, ते उलगडतं.

शरीर हे आपल्याला न विचारता करतं. लोकलमध्ये पायाखाली जरा डगमगलं की दांड्यावरची मूठ आपोआप घट्ट होते ना, अगदी तसंच. मुठीला कितीही समजावलं तरी पाय स्थिर झाल्याशिवाय ती सैल होत नाही.

माझ्या बाबतीत अजून एक गोष्ट होती, कॅरम. लालबागच्या चाळीत वाढले, दहा वर्षं गॅलरीत कॅरम खेळले, आणि कॅरमचा हात म्हणजे बोटात ताण साठवायचा आणि एकदम सोडायचा. स्ट्रायकरला वेग तिथूनच मिळतो. पूलमध्ये वेग कोपरापासून झुलणाऱ्या हाताला असतो, बोटं फक्त स्टिक सोबत नेतात. कॅरम चांगला खेळणाऱ्या बऱ्याच जणांचा मागचा हात असा शेवटच्या क्षणी झटका देतो हे मी नंतर पार्लरमध्ये बघितलं, आणि त्यांना कोण सांगणार, कारण नेम त्यांचा उत्तम असतो.

तर दुरुस्ती पुढच्या हातापासून.

सुरुवात ओपन ब्रिजने करा. पंजा पूर्ण सपाट टेबलावर ठेवा, बोटं जमेल तेवढी फाकवा, मग बोटांची टोकं आणि तळव्याची टाच जागेवरच ठेवून मधली पेरं थोडी वर उचला, जसा हात मधून फुगतो तसा. अंगठा पहिल्या बोटाच्या मुळाशी घट्ट लावून थोडा वर वळवा, तिथे जी खाच तयार होते तिच्यात शाफ्ट. तळव्याची टाच उचलली जाता कामा नये, माझी दर वेळी तीच उचलली जायची. दुसरं म्हणजे बोटांच्या टोकांनी कापड किंचित दाबून धरा, नखं पांढरी होतील एवढं नाही, पण हात कुणी बाजूने ढकलला तर सरकणार नाही एवढं. गंमत बघा, पुढच्या हाताला थोडा जोर हवाच असतो आणि मागच्याला नको असतो, आणि नवीन माणूस नेमका उलटं करतो. टिप खाली लावायची असेल, स्क्रू काढायचा असेल, म्हणजे व्हाइट उलटा फिरून मागे यायला हवा असेल, तर मागचा बट उचलू नका, पेरं खाली बसवून पंजा चपटा करा. वर मारायचं तर पेरं अजून वर.

क्लोज्ड ब्रिज, म्हणजे पहिल्या बोटाचा वेढा शाफ्टभोवती घालून टोक अंगठ्याला टेकवायचं, हा जोराच्या शॉटला आणि स्क्रूला चांगला, कारण स्टिक वर उसळत नाही. पण माझे हात लहान आहेत, मी स्वतः पाच फूट एक इंच, आणि वेढा घातला की उरलेली तीन बोटं पसरायला जागाच राहत नाही, पूर्ण आधार लटपटतो. सहा महिने मी हट्टाने क्लोज्ड ब्रिज केला कारण व्हिडिओत सगळे मोठे खेळाडू तो करताना दिसतात. लहान हातवाल्यांनी ओपनवर राहायला काहीही हरकत नाही, स्नूकरवाले जन्मभर ओपनवरच खेळतात आणि त्यांचं टेबल तर बारा फुटी असतं. क्लोज्ड करायचाच असेल तर मधलं बोट तळव्याकडे थोडं दुमडून त्याच्या बाजूला वेढा टेकवा, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट लांब ताणून ठेवा, वजन त्या दोघांवर आणि टाचेवर येऊ द्या. वेढा शाफ्टला चिकटून हवा पण आवळून नको, शाफ्ट अडखळली की मागचा हात लगेच जोर लावतो आणि आपण परत पहिल्या पायरीवर.

ब्रिज आणि व्हाइटमधलं अंतर सुरुवातीला वीतभर ठेवा, २० सेंटिमीटर. जितकं लांब तितकी मागची चूक टिपवर मोठी होऊन दिसते. जमायला लागलं की वाढवा.

मग मागचा हात. कुठे धरायचं याचं उत्तर बटवरच्या दोरा गुंडाळलेल्या भागात शोधू नका, तो प्रत्येकाच्या मापाने नसतो. टिप व्हाइटच्या जवळ नेऊन खाली वाका, कुणाला तरी बाजूने बघायला सांगा, कोपरापासून खालचा हात जमिनीला बरोबर काटकोनात लटकत असला पाहिजे. जिथे पंजा येतो तीच तुमची जागा. माझा हात त्या दोऱ्याच्याही पुढे येतो, लाकडावर. मी वर्षभर मागे, टोकाशी धरत होते, त्यामुळे बॉलला टिप लागायच्या वेळी हात झोक्याच्या मध्यापर्यंत पोचलेलाच नसायचा, अजून खाली येत असायचा, आणि टिप वर जायची. बुटक्या माणसांनी हे सगळ्यात आधी तपासा.

आणि कसं धरायचं, तर गरम कटिंगचा ग्लास आपण कसा धरतो ते आठवा. वरच्या कडेला अंगठा आणि दोन बोटं, पडणार नाही इतपतच, मूठ केली तर चटका बसेल. स्टिक तशीच अंगठा, पहिलं आणि मधलं बोट यांच्यात, किंबहुना ती बोटांवर ठेवलेली असते, धरलेली नसते. उरलेली दोन बोटं नुसती सोबत. स्टिक मागे जाताना ती दोन बोटं उघडतात, पुढे येताना आपोआप परत मिटतात, आणि हे मिटणं आपण करायचं नसतं, ते होतं. मनगट सैल, खाली लोंबणारं, घड्याळाच्या लंबकासारखं. अंगठा जमिनीकडे बघत असला पाहिजे. तो स्टिकच्या वर चढला असेल तर मनगट आधीच वळलेलं आहे.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टिप आणि बॉल यांचा संबंध साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. बॉल लागला हे हाताला कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. म्हणजे "फॉलो थ्रू कर, स्टिक पुढे जाऊ दे" हे जे सांगतात, त्या पुढे जाण्याने बॉलला काहीच होत नाही. पण स्टिक सरळ पुढे गेली तर त्याचा अर्थ आधीचं सगळं सरळ होतं. मी बॉल लागल्यावर स्टिक जबरदस्तीने पुढे ढकलायला लागले होते, म्हणजे नवीनच झटका. पुढे ढकलू नका, थांबवू नका एवढंच.

सरावाची जी पद्धत मला लागू पडली ती वेगाची. व्हाइट एकट्यानेच घ्या. पहिल्यांदा समोरच्या कुशनपर्यंत पोचून थांबेल एवढाच मारा, ही एक लांबी. मग तिथून परत येऊन आपल्या कुशनशी थांबेल, दोन लांब्या. मग तीन, मग चार. प्रत्येक वेगाला दहा शॉट, पट्ट्याच्या बॉलने, आणि पट्टा डगमगला की तो शॉट चुकला असं धरा. तुमचा हात कितव्या लांबीला आवळतो ते नेमकं कळतं. माझा तिसऱ्या लांबीला बिघडत होता, दोनपर्यंत दहात नऊ चांगले आणि तीनला एकदम चार. मग महिनाभर मी तीनच्या वर गेलेच नाही. अडीच म्हणजे समोर जाऊन, परत येऊन, अर्ध्या टेबलापर्यंत, त्याच वेगाला रोज वीस मिनिटं. जिथे हात आवळतो तिथेच डोकं आपटत बसलात तर आवळण्याचाच सराव होतो, म्हणून त्याच्या थोडं खाली राहा. शॉटच्या आधी स्टिक पूर्ण मागे गेल्यावर एक श्वासभर थांबा, घाईत दिशा बदलली की हात पकडायला जातो. घरी टेबल नसेल तर जेवणाच्या टेबलावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात टिप न लागता आत-बाहेर करायची, हे अर्धा तास करता येतं आणि टेबलाचं भाडंही लागत नाही.

आता मुंबईचं म्हणून जे आहे ते. जून ते सप्टेंबर हात चिकट असतो, शाफ्ट चिकट असते, कापडही दमट होऊन बॉल हळू पळतात. बॉल हळू पळतो म्हणून आपण जोर वाढवतो, ब्रिजवर शाफ्ट अडकते म्हणून मूठ आवळते, आणि मेमध्ये सुटलेला प्रॉब्लेम जुलैत परत. माझा दोन वर्षांतला सगळ्यात वाईट काळ दोन्ही वेळा पावसाळाच होता आणि हे मी डायरीत तारखा लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं. पावसात क्लोज्ड ब्रिज सोडा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, शाफ्ट आधी ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, पार्लरच्या स्टिकवर तर वडापावचं तेल आणि चॉक यांचा थर असतो, तो निघाला की ती वेगळीच स्टिक वाटते. तीन बोटांचा ग्लोव्ह मिळतो तो घ्या, खरंच फरक पडतो. टाल्कम पावडर शक्यतो नको, ती कापडात बसते, बॉलला लागते आणि पुढच्या माणसाचा खेळ खराब होतो.

आणि ऑफिस सुटल्यावर गर्दीच्या डब्यात पाऊण तास दांडा पकडून उभं राहून आलात तर लगेच खेळायला वाकू नका. तो हात दगड झालेला असतो. मी दहा मिनिटं चहा पिते, मनगट झटकते, पहिली पाच मिनिटं फक्त एका लांबीचे शॉट. परळहून दादरला चालत आलेल्या दिवशी माझा खेळ चांगला होतो हे मी किती तरी वेळा बघितलंय.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये जागा कमी, टेबलाच्या एका बाजूला भिंत नाहीतर खांब. बट भिंतीला लागेल या भीतीने स्टिक मागे जातच नाही आणि मग पुढे झटका. अशा वेळी छोटी स्टिक मागा, बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात एखादी असते. नाहीतर पकड खूप पुढे घ्या आणि हळूच मारा. व्हाइट कुशनला चिकटलेला असेल तर पंजा लाकडावर सपाट ठेवून शाफ्ट अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून जाऊ द्या, बट फार उचलू नका. हात पोचत नसेल तर सरळ रेस्ट, म्हणजे ब्रिजच्या जागी वापरायचा लांब दांड्याचा आधार, घ्या, टेबलावर आडवं पडून एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळताना कुठलीच ग्रिप टिकत नाही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, सकाळी बादली उचलताना कळ येत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. मूठ आवळून रोज दोन तास खेळलेल्यांना हे होतं, मला झालं होतं, आणि तेव्हा हट्टाने खेळत राहिल्यामुळे दीड महिना गेला.

राहिला ब्रेक, कारण तिथे तर पूर्ण जोर लागतो आणि सगळे विचारतात मग तिथे काय करायचं. ब्रेकलाही सुरुवातीची पकड तीच, तीन बोटांची. स्टिक वेगात आली की बोटं स्वतःच मिटतात, तेवढी मिटू द्यायची. मी ब्रेक माझ्या पूर्ण ताकदीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर आणला, व्हाइट पहिल्या बॉलवर भरून लागायला लागला आणि बॉल आधीपेक्षा जास्त पसरायला लागले. लांब्यांच्या हिशोबात आज मी चौथ्या लांबीला दहात सात सरळ मारते. उरलेले तीन अजूनही उजवीकडेच जातात, आणि व्हिडिओत दर वेळी ब्रिजची टाच उचललेली दिसते.